भगताच्या ताटातली धिंगरी

समस्त सज्जन, दुर्जन आणि मधल्या मंडळींस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, खंडेराव महाराज आमच्या सासरी दरवर्षी माघ महिन्यात माझ्या सासऱ्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यातून येत असत. डोक्यातून नाही, छातीतून नाही, डाव्या पायातूनही नाही. उजव्या अंगठ्यातून. याला सबंध गाव साक्षी आहे आणि मीही आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच पोटभर हसून घ्यावं. हा किस्सा मी लग्नकार्यात, वाढदिवसात, एकदा तर बसच्या रांगेतसुद्धा साभिनय सांगितलेला आहे, आणि दर वेळी एका ठिकाणी येऊन माझा आवाज बसतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी धुळ्याहून लग्न होऊन बोदवडजवळच्या त्या गावात आले. केळीच्या बागा, कापूस, मातीचं धाब्याचं घर, आणि घराला मान भगताचा. माघी पौर्णिमेला गावात बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्यांचे बैल सोडून घ्यायचे, गाड्या एकीमागे एक साखळीने बांधायच्या, त्यांत उभं राहायला जागा उरणार नाही इतकी माणसं चढायची, आणि पुढे कमरेला दोर बांधलेला एकच माणूस: भगत. त्याच्या अंगात देव येतो आणि तो देवळापासून वेशीपर्यंत बाराच्या बारा गाड्या ओढत नेतो. देवळापासून वेशीपर्यंत रस्त्याला बऱ्यापैकी उतार आहे आणि पहिला धक्का द्यायला दोन्ही बाजूंनी तरणी पोरं असतात, हे मी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. पण नव्या सुनेने उताराविषयी बोलू नये, एवढी अक्कल मला होती.

भगत म्हणजे माझे सासरे. सगळे त्यांना नाना म्हणत. साठीचे, उंच, पोट सुटलेले, आवाज असा की शेतातून हाक मारली तर स्टेशनावरचा माणूस वळून बघेल. त्यांच्याआधी त्यांचे वडील भगत होते, त्यांच्याआधी आजोबा.

आता देव अंगठ्यात कसा यायचा ते ऐका. मार्गशीर्ष लागला की दर रविवारी कुणा ना कुणाच्या घरी मानता असे, म्हणजे नवस फेडायचा. मुलगा झाला, विहिरीला पाणी लागलं, कोर्टातला खटला मिटला, की बोकड. आणि त्या बोकडाची कलेजी हा भगताचा हक्क. पहिलं ताट भगताचं, त्यात सगळी कलेजी, वर गुर्दे, वर वजडी. नाही म्हणायची सोय नाही. भगताने ताट परतवलं तर नवस फिटला नाही. असे रविवारमागून रविवार जायचे, कधी एका दिवसात दोन घरं. आणि माघ उजाडला की एका पहाटे नानांचा उजवा अंगठा सुजून लाल व्हायचा, चकाकायचा. पेटलेल्या निखाऱ्यावर पातळ कातडी ओढावी तसा दिसायचा. गावात वाऱ्यासारखी बातमी फिरायची: देव उतरला.

मग लोक दर्शनाला यायचे. नाना ओट्यावर बाजेवर बसलेले, पाय पुढे केलेला, अंगठ्याला भंडारा फासलेला. एकेकाने यायचं आणि त्या अंगठ्यावर कपाळ टेकायचं. कपाळ टेकलं की नाना ओरडायचे. साधं ओरडणं नाही. बेंबीच्या देठापासून, मान मागे टाकून, डोळे फिरवून. आणि लोक दुप्पट आवाजात म्हणायचे, "येळकोट येळकोट, जय मल्हार!" देव बोलला, असं समजायचे.

पहिल्या वर्षी माझीही पाळी आली. हिरवा चुडा, डोक्यावर पदर. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, माझ्या मानेवर हात ठेवला आणि कानात म्हणाल्या, "चांगलं टेकव, पोरी. वरवर नको."

मी चांगलं टेकवलं.

तो आवाज माझ्या कपाळातून आत शिरला. मी घाबरून वर पाहिलं तर नानांचे डोळे माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते. मी देव बघितलेला नाही, त्यामुळे त्याचे डोळे कसे असतात मला सांगता येणार नाही. पण हे डोळे ओळखीचे होते. धुळ्याला आमच्या गल्लीत एका कुत्र्याच्या पायावरून ट्रक गेला होता, त्याचे तसे होते. मागच्या माणसाने मला बाजूला केलं, कारण रांग मोठी होती.

त्याच पायाने त्यांनी त्या दिवशी बारा गाड्या ओढल्या. उतार होता, धक्का होता, सगळं मान्य. तरी त्याच पायाने. नंतर आठ दिवस ते अंथरुणावर होते. गोधडीचा स्पर्शही सहन होत नसे म्हणून अक्का पायावर एक वेताची टोपली पालथी घालायच्या आणि टोपलीवरून गोधडी पांघरायच्या. मी त्यांच्या युक्तीचं कौतुक केलं, तर त्या सहज म्हणाल्या, "मामंजींच्या वेळी शिकली मी. त्यांले तर बारा महिने टोपली लागे."

मामंजी म्हणजे आधीचे भगत, नानांचे वडील. ते आमच्या मधल्या खोलीतच वारले. शेवटचं वर्ष त्यांचा देव अंगठ्यातून घोट्यात, घोट्यातून गुडघ्यात, मग हाताच्या बोटांत चढला. अंगावर सूज आली, लघवी बंद होत गेली. आणि शेवटपर्यंत लोक दर्शनाला येत राहिले. वारले त्या दिवशीही सकाळी चार जण येऊन गेले होते म्हणे. त्यानंतर त्या खोलीत कुणी झोपत नसे. तिला खिडकी नव्हती, फक्त छताजवळ एक झरोका. उन्हाळ्यातही आत पाय ठेवला की गारवा पोटऱ्यांना धरायचा.

चैत्रात माझ्या नवऱ्याने केळीच्या कामाचं निमित्त करून नानांना जळगावला नेलं आणि सरळ दवाखान्यात बसवलं. मीही होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अंगठा बघितला, रक्त काढलं, वजन केलं, पोट दाबलं आणि विचारलं, "वडिलांना असं होतं का?"

नाना ताठ बसले. "वडलांले होतं, आजोबांले होतं. पिढ्यांचा मान आहे."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या खेपेला रिपोर्ट आले. युरिक ॲसिड भलतंच वाढलेलं, साखर काठावर, रक्तदाब चढलेला. डॉक्टरांनी समजावलं ते असं: कलेजी आणि गुर्दे असलं काही खाल्लं की ते शरीरात मोडतं आणि त्याचं युरिक ॲसिड बनतं. मूत्रपिंडाने ते बाहेर टाकायचं. तुमच्या घराण्यात ते नीट टाकलं जात नाही. मग त्याचे बारीक खडे होतात, काचेच्या चुऱ्यासारखे, आणि ते सांध्यात बसतात, आधी अंगठ्यात. असंच चालू ठेवलं तर मूत्रपिंडं जातील.

नानांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "मंग देव नाही येनार?"

"कोण?" डॉक्टर म्हणाले.

परतीच्या गाडीत नाना खिडकीतून बाहेर बघत होते. माझा नवरा वैतागून म्हणाला, "नाना, आजोबांसारखं व्हायचंय का तुम्हाला?" भुसावळ मागे पडल्यावर नाना म्हणाले, "अंगठा सुजला नाही तं गाव दोर देईल का माह्या हातात?"

पेच एवढाच होता. अंगठा सुजला तर माणूस जाणार, नाही सुजला तर भगत जाणार. नानांना वडिलांसारखं मरायचं नव्हतं, पण वडिलांसारखं भगत असल्याशिवाय जगायचं कसं हेही त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या माघापर्यंत वेळ होता.

इथे माझा प्रवेश. मी धुळ्याला शिकताना धिंगरी मशरूम लावायचं प्रशिक्षण घेतलं होतं. तेव्हा आमच्याकडे मशरूम हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, माझी आई म्हणाली होती, "तू सासरी जाईसन कुत्रानी छत्री रांधशी का?" तर मी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं की धिंगरी चालेल का. ते प्रामाणिक होते. म्हणाले, "पुस्तकातल्या पथ्याच्या यादीत मशरूमसुद्धा लिहिलेलं असतं. त्यातही ते द्रव्य आहे. पण कलेजीच्या मानाने फार कमी, आणि शरीर ते सोसतं. ते औषध नाही, हे लक्षात ठेवा. कलेजीच्या जागी खाल्लं तर फायदा कलेजी न खाण्याचा. गोळी रोज घ्यायचीच, पाणी भरपूर प्यायचं, पोट उतरवायचं."

अलीकडे माझा मुलगा पुण्याहून एक पाकीट घेऊन आला. बुरशीपासून बनवलेलं मटण. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवतात, तिच्यातही युरिक ॲसिड वाढवणारं द्रव्य असतं म्हणून ती तापवून ते आधीच कमी करून घेतात, मग तिला मांसासारखे तंतू आणतात. मुलगा मला हे सगळं नव्याने समजावत होता. मी त्याला म्हटलं, बाबा रे, हा प्रयोग तुझ्या आजोबांवर तुझ्या जन्माआधी होऊन गेलाय, टाकी नव्हती एवढंच.

टाकीऐवजी मामंजींची खोली होती. धिंगरीला अंधार लागतो, ओल लागते, गारवा लागतो. घरात दुसरी जागाच नव्हती. कार्तिकात मी गव्हाचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि वाळलेली केळीची पानं कापून भिजवली, गरम पाण्यातून काढली, निथळली, प्लास्टिकच्या पिशव्यांत थर देऊन धुळ्याहून मागवलेलं बियाणं पेरलं आणि तोंडं बांधून पिशव्या त्या खोलीच्या आढ्याला टांगल्या. वीसेक पिशव्या. अक्का उंबऱ्यापलीकडे उभ्या राहून बघत होत्या. आत आल्या नाहीत.

पंधरा-वीस दिवसांत पिशव्या आतून पांढऱ्या झाल्या. कुटार दिसेना, सगळं बुरशीने विणून टाकलं. मी प्लास्टिक कापून काढलं. आता त्या काळोखात वीस पांढरी लोंबती अंगं होती आणि मी रोज भर दुपारी आत जाऊन त्यांच्यावर पाणी शिंपडायची. झरोक्यातून उन्हाची एक तिरीप यायची, ती एका वेळी एकच पिशवी दाखवायची. बाकीच्या नुसत्या असल्याचं जाणवायचं. पाणी ठिबकायचं, एकदा इथे, एकदा तिथे. ओल्या पायाने कुणीतरी अगदी सावकाश, एक पाय जपत चालतंय असं वाटायचं. वास गोधडीचा, आजारपणात न धुतलेल्या गोधडीचा. मी शिकलेली बाई. तो कुटाराचा वास आहे हे मला माहीत होतं. तरी मी आत असताना गाणं म्हणायची, आणि मोठ्याने म्हणायची.

पहिला तुरा उगवला तो जिथे मामंजींची बाज असायची त्याच्या बरोबर वरच्या पिशवीवर. पाच टोकं. चार बारीक आणि एक जाड, फुगलेलं. मी तांब्या खाली ठेवला. ओरडले नाही, हे नमूद करते. तो तुरा मी तोडला, पदराखाली झाकून नेला आणि केळीच्या बागेत पुरून टाकला. मोठा झाला असता तर इतर धिंगरीसारखाच शिंपल्याच्या आकाराचा झाला असता. पण त्या दिवशी तो मोठा झालेला नव्हता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. नानांना तर नाहीच. कारण नाना रोज संध्याकाळी त्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायला लागले होते. आत डोकावायचे आणि हळूच विचारायचे, "काही बोलले का?"

"कोण, नाना?"

"कोनी नाही. किती आलं, ते पुसलं."

धिंगरी भरपूर आली. पण मेल्या माणसाच्या खोलीत उगवलेलं आपल्या चुलीवर चढवायला अक्कांचा साफ नकार. मग ती गेली मटणाच्या चुलीवर. आमच्याकडे मटण घरात शिजत नाही. अंगणाबाहेर तीन दगडांची वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि शिजवणार पुरुष. आमचा पुरुष म्हणजे नानांचे चुलतभाऊ. त्यांना सगळे आबा म्हणत. एकटे, गोल, हसरे, पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या काळ्या मसाल्याला तोड नाही. त्यांनी एक धिंगरी उचलली, उन्हाकडे धरली, वास घेतला.

"सूनबाई, याचं हाड कुठी आहे?"

"हाड नसतं आबा."

"मंग उभं कसं राहते हे?"

पण केली. खोबरं भाजून, कांदा जाळून, तर्री आणून अशी केली की नानांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आबांनी विचारलं, "कसं काय झालं?"

"चांगलं झालं," नाना म्हणाले. "पन खाताना बोकडाची याद येत नाही. दुसऱ्याच कोनाची येते."

मानतांचे रविवार सुरू झाले. भगताला ताट परतवता येत नव्हतं, यावर नानांनी स्वतः तोडगा काढला. ताट समोर आलं की त्यावर भंडारा टाकायचा, कपाळाला लावायचं, आणि ताट घराण्याच्या रक्ताच्या पुरुषाकडे द्यायचं. बाहेर जायला नको, हक्क घरातच राहायला हवा. माझ्या नवऱ्याने तेव्हा मटण सोडलं होतं. उरले आबा. मी पितळी डब्यातून धिंगरी घेऊन नानांच्या मागे. नाना डबा उघडून जेवणार, आबा शेजारी बसून भगताचं ताट रिकामं करणार, वर मोहाचा एखादा पेला.

"काय आबा, मजा आहे तुमची," लोक म्हणायचे.

"अरे भो, सेवा आहे सेवा," आबा कलेजीचा तुकडा तोंडात टाकत म्हणायचे.

मी मोठी हुशार समजत होते स्वतःला. माघापर्यंत नानांचं पोट उतरलं, धोतराची गाठ दोन बोटं आत आली. जळगावला पुन्हा रक्त तपासलं, सगळे आकडे खाली. डॉक्टर खूश. गोळीने किती, पाण्याने किती आणि कलेजी न खाण्याने किती, याचा हिशोब त्यांनी मांडला नाही, मीही मागितला नाही. धिंगरीने खरं तर काहीच केलं नव्हतं, ताटातली जागा तेवढी अडवून ठेवली होती.

आणि अंगठा शांत होता. पौर्णिमेला आठ दिवस उरले, शांत. चार दिवस, शांत. नाना सकाळी उठून ओट्यावर बसायचे, पाय पुढे घ्यायचे आणि अंगठ्याकडे बघत राहायचे. कधी दाबून बघायचे. दुखत नाही म्हणून इतका उदास झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. गावातले लोक येऊन जायचे, अंगठा बघायचे, उठून चालू लागायचे. एक म्हातारा जाताना म्हणाला, "नाना, तुह्या घरात कुत्र्याच्या छत्र्या लावल्या ना, देव तिकडून वापस गेला." नाना त्या दिवशी मधल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. आतून त्यांचा आवाज येत होता. समजावल्यासारखा, अजिजीचा. मी दाराशी उभी होते. मध्ये मध्ये ते थांबत होते, जसं समोरचा बोलतोय. बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर पांढरी भुकटी पडलेली होती, बुरशीची. त्यांनी झटकली नाही.

पौर्णिमेच्या सकाळी आबा आले नाहीत. भांडी घासायची होती, ते पहाटेच यायचे. नाना, अक्का आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या घरासमोर ही गर्दी. आत आबा बाजेवर, पाय पुढे, आणि उजवा अंगठा लाल, चकाकता, मुठीएवढा.

कुणीतरी आधीच भंडारा फासला होता.

"देवाने घर बदललं!" कुणी ओरडलं, आणि रांग लागली. पहिल्या माणसाने कपाळ टेकलं. आबा किंचाळले. मी ओळखला तो आवाज. पहिल्या वर्षी माझ्या कपाळातून आत शिरलेला तोच. फरक एवढाच की आबांना भगतपण माहीत नव्हतं, त्यामुळे ते पुढे शब्दही बोलत होते.

"नका रे! अरे हात नका लावू! मेलो रे माय, मेलो!"

"येळकोट येळकोट, जय मल्हार!"

दुसरा वाकला. तिसरा. एका आईने तान्ह्या पोराचं डोकं त्यावर टेकवलं. आबा आता रडत होते, उघडपणे, लहान मुलासारखे, आणि लोक हात जोडून रडत होते, देव प्रसन्न झाला म्हणून.

मी नानांकडे बघितलं. इतकी वर्षं ते बाजेवर असायचे. रांगेच्या बाजूने त्यांनी हे कधी बघितलं नव्हतं. लहानपणी बघितलं असेल, वडिलांसमोर उभं राहून. त्यांचे ओठ आबांच्या ओरडण्याबरोबर हलत होते.

मग ते गर्दीत घुसले. वाकलेल्या माणसाला खांद्याला धरून मागे केलं आणि आबांचा पाय अंगाआड करून उभे राहिले.

"शिवू नका त्याले," ते म्हणाले. नेहमीचा आवाज नव्हता. मागच्यांना ऐकूही गेला नसेल. "दुखते."

"नाना, देव आहे तो," पुढचा माणूस म्हणाला.

"देव असो नाहीतं कोनी असो. दुखते. मले माहीत आहे किती दुखते ते." मग मोठ्याने, स्टेशनापर्यंत जाईल असं, "मी वरडत होतो ना दरसाल, ते दुखत होतं म्हनून वरडत होतो!"

नानांनी खुंटीवरचा आबांचा पंचा घेऊन त्यांचे डोळे पुसले, अंगठ्यावरचा भंडारा फुंकून फुंकून उडवला, न शिवता. माझ्या नवऱ्याला म्हणाले, आबाला जळगावला घेऊन जा. आणि स्वतः देवळाकडे चालू लागले. लोक मागे. देवळासमोर बारा गाड्या साखळीने बांधून उभ्या होत्या, माणसं चढून बसलेली. दोर देणारा पुजारी घुटमळला. नानांनी हात पुढे केला नाही. नुसते उभे राहिले, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. शेवटी पुजाऱ्यानेच त्यांच्या कमरेला दोर बांधला, कारण दुसरं कुणाला बांधणार?

नाना घुमले नाहीत, डोळे फिरवले नाहीत. पोरांनी धक्का दिला, नाना वाकले, आणि बारा गाड्या कुरकुरत हलल्या, उताराला लागल्या, वेशीपर्यंत गेल्या. दरवर्षीपेक्षा लवकर पोचल्या, कारण या वर्षी ओढणारा लंगडत नव्हता.

वेशीवर सगळे थांबले. येळकोट म्हणायला कुणाचं तोंड उघडेना. नाना दोर सोडत होते, घामाने निथळत, आणि स्वतःच्या पायांकडे बघत होते. तेवढ्यात गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याने पाचव्या गाडीतून ओरडून विचारलं, "म्हंजी नाना, इतके वर्स आंगात काय येत होतं, मटन?"

आधी एक हसला, मग गाडीच्या गाडी हसली, मग बाराच्या बारा. हसू एका गाडीतून दुसरीत उडी मारत गेलं. पुजारी हसला. मी पदरात तोंड घालून हसत होते, नानाही हसायला लागले होते, पोट धरून.

अक्का माझ्याशेजारी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नानांच्या अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मागे घराच्या दिशेला. ताटातली ज्योत हलली. आणि त्या सगळ्या हसण्यावरून, वेशीपासून देवळापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्या बोलून गेल्या,

"मंग मामंजीले काऊन नाही नेलं आपून दवाखान्यात?"